मुलींच्या शालेय सॉकरचा अंतिम सामना आणि प्रेक्षकांचे वागणे

मैदानवेडी

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी मध्य न्यू जर्सीतील एका पब्लिक हायस्कूलच्या व्हर्सिटी, म्हणजे मुख्य, सॉकर संघात बचावफळीत खेळते (सॉकर म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल). ज्यांच्या घरी हा खेळ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, की आपल्या राज्यात पटसंख्येनुसार शाळांचे गट पाडलेले असतात, सप्टेंबरपासून हंगामातले सामने होतात आणि त्यानंतर राज्य स्पर्धेची बाद फेरी सुरू होऊन नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास प्रत्येक गटाचा विजेता ठरतो. आधी आपल्या विभागाचे विजेतेपद मिळवायचे आणि मग इतर विभागांच्या विजेत्यांशी उपांत्य व अंतिम सामना खेळायचा, असा हा क्रम आहे. आमच्या मुलींनी गेल्या आठवड्यात विभागाचे विजेतेपद मिळवले. जादा वेळेतही बरोबरी सुटली नाही, त्यामुळे निकाल पेनल्टी किकवर लागला. आनंद अर्थातच खूप झाला, परंतु त्या संध्याकाळी मैदानाबाहेर जे घडले त्याबद्दल सल्ला हवा आहे.

आमच्या शाळेचा विद्यार्थी प्रेक्षकवर्ग, ज्याला इथे स्टुडंट सेक्शन म्हणतात, एरवी मुलींच्या सामन्यांना फिरकत नाही. या सामन्याला मात्र तो पूर्ण तयारीनिशी आला होता. कोणीतरी प्रतिस्पर्धी गोलरक्षक मुलीचे समाजमाध्यमावरील खाते शोधून काढले होते, आणि तिच्या तिथल्या छायाचित्रांवरून तयार केलेली टोपणनावे ऐंशी मिनिटे एका सुरात ओरडली जात होती. पेनल्टी किक सुरू होताच ही मुले कठड्याच्या कडेने सरकत गोलच्या मागे जाऊन उभी राहिली. शाळेच्या कर्मचाऱ्यांनी त्यांना परत पाठवले, पण तोपर्यंत दोन किक झाल्या होत्या. ती मुलगी सोळा वर्षांची असेल. तिने त्यांच्याकडे एकदाही पाहिले नाही, फक्त प्रत्येक किकच्या आधी हातमोज्यांचे पट्टे उघडून पुन्हा घट्ट लावत राहिली.

दुसरी गोष्ट आमच्या पालकांची. संघात चार-पाच मराठी मुली असल्यामुळे आमचा एक गट नेहमी एकत्र बसतो. त्यातील एक गृहस्थ, ज्यांना सगळ्या मुली काका म्हणतात, संपूर्ण सामनाभर पंचांशी वाद घालत होते आणि उरलेल्या वेळात प्रत्येक मुलीला मराठी-इंग्रजीत सूचना देत होते. उत्तरार्धात पंचांनी खेळ थांबवून यजमान शाळेच्या व्यवस्थापकांना बोलावले, ते पायऱ्या चढून आमच्या रांगेपर्यंत आले आणि काकांना समज देऊन गेले. त्याच फेरीत त्यांनी आमच्यातल्या एका वहिनींना स्टीलचे ताट आणि पळी पिशवीत ठेवायला सांगितले, कारण राज्य स्पर्धेत आवाज करणाऱ्या वस्तूंना परवानगी नसते. वहिनींनी ते हसत मान्य केले. काकांना मात्र तो अपमान वाटला आणि घरी परतताना त्यांनी तो बोलूनही दाखवला.

माझी अडचण अशी आहे, की हे काका वयाने मोठे आहेत, गावातला गणेशोत्सव त्यांच्यामुळे उभा राहतो, आणि आम्ही या देशात नवे असताना त्यांनी आम्हाला खूप मदत केली आहे. त्यांची स्वतःची मुलगी याच संघात आघाडीला खेळते. त्यांना कसे सांगावे, हे मला समजत नाही. माझी मुलगी एवढेच म्हणाली, की मैदानात प्रशिक्षकांचे शब्द कळत नाहीत, काकांचे मात्र सगळे कळतात.

उपांत्य सामना जवळ आला आहे, आणि तो जिंकल्यास अंतिम सामना त्रयस्थ मैदानावर, बऱ्याच मोठ्या गर्दीसमोर होईल. विद्यार्थ्यांच्या वागण्याबद्दल शाळेत कोणाकडे बोलावे? आपल्याच माणसाला आपण काय सांगावे? आणि प्रेक्षकांनी आवाज करायचा तरी किती?

शिट्टीवाला

मी गेली काही वर्षे शालेय आणि क्लबच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे मैदानाच्या आतल्या बाजूने थोडे सांगतो.

तुमच्या सामन्यातील पंचांनी जे केले तीच योग्य रीत आहे. शालेय सामन्यात पंच प्रेक्षकांशी थेट बोलत नाहीत, आणि शहाण्या पंचाने बोलूही नये. खेळाडू आणि बाकावरील प्रशिक्षक त्याच्या कार्डांच्या कक्षेत येतात. प्रेक्षकांची जबाबदारी मात्र यजमान शाळेची किंवा स्पर्धा घेणाऱ्या संघटनेची असते, आणि त्यांच्या वतीने ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे शाळेच्या क्रीडा विभागाचा प्रमुख, किंवा त्याने नेमलेला व्यवस्थापक मैदानावर हजर असतो. आम्ही खेळ थांबवतो, त्याला रांग दाखवतो, आणि समज द्यायची की बाहेर काढायचे हे तो ठरवतो. त्याचे न ऐकल्यास सामना स्थगित करण्याचा अधिकार आमच्याकडे असतो. म्हणजे आपल्या गटातील एका माणसामुळे आपल्याच मुलींचा सामना थांबू शकतो, ही गोष्ट काकांच्या कानावर जरूर घाला.

कायद्याचीही एक बाजू आहे. न्यू जर्सीत शालेय क्रीडा वर्तनसंहिता मोडणाऱ्या पालकाला सामन्यांना येण्यास बंदी घालता येते, आणि पुन्हा यायचे असल्यास राग आवरण्याचे समुपदेशन पूर्ण केल्याचे दाखवावे लागते. शालेय सामन्यात सोळा वर्षांखालील मुलांच्या देखत साधी धक्काबुक्की झाली, तरी गुन्ह्याची श्रेणी एरवीपेक्षा वरची धरली जाते. तुमच्या काकांचे प्रकरण तिथपर्यंत जाणार नाही, याची मला खात्री आहे. परंतु पार्किंगमध्ये पंचाच्या गाडीपर्यंत चालत येणारे वडील मी पाहिले आहेत, आणि ते सगळे सामन्याच्या पहिल्या पाच मिनिटांत अत्यंत सभ्य गृहस्थ होते.

आता ज्या ओरडण्याला काही अर्थच नसतो त्याबद्दल. आपली मंडळी शनिवारी सकाळी दूरचित्रवाणीवर इंग्लिश प्रीमियर लीग पाहून येतात आणि तिथले नियम इथे लावतात. शालेय नियम थोडे वेगळे आहेत. 40 मिनिटांची दोन सत्रे असतात, फलकावरील घड्याळ उलटे मोजते, गोल झाल्यावर, पेनल्टी किक दिल्यावर किंवा कार्ड दाखवल्यावर ते थांबवले जाते, आणि म्हणून शेवटी पंचांनी वाढवून दिलेली मिनिटे नसतात. पिवळे कार्ड मिळालेल्या मुलीला मैदान सोडावे लागते, तिच्या जागी बदली खेळाडू आणता येते आणि ती नंतर परत येऊ शकते. यावरून मला दर हंगामात कोणीतरी विचारतेच, की साध्या पिवळ्या कार्डावर माझ्या मुलीला बाहेर का काढले. ऑफसाइडचे, म्हणजे चेंडू येण्याआधीच प्रतिस्पर्धी बचावफळीच्या पुढे जाऊन उभे राहण्याचे, तर बोलायलाच नको. सहकारी चेंडू मारते त्या क्षणी खेळाडू कुठे होती हे पाहायचे असते, चेंडू तिच्यापर्यंत पोहोचला तेव्हा नव्हे, आणि थ्रो-इनवरून थेट चेंडू मिळाल्यास ऑफसाइड नसतोच. ब्लीचर्सच्या (प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या बाकांच्या) कोपऱ्यातून तिरक्या नजरेने ती रेषा दिसत नाही, ती फक्त सहायक पंचाला दिसते. अनेक ठिकाणी हंगामातल्या सामन्यांना दोनच पंच असतात, तेव्हा आम्हालाही ती प्रत्येक वेळी दिसतेच असा दावा मी करणार नाही.

पंचांच्या तुटवड्याविषयी आपण ऐकले असेल. देशभरातील राज्य शालेय संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या प्रमुख कारिसा निहॉफ यांनी 2019 च्या जानेवारीत पालकांना उद्देशून एक खरमरीत लेख लिहिला होता. पंचांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाहणीचा हवाला देऊन त्यांनी त्यात म्हटले होते, की 75 टक्क्यांहून अधिक शालेय पंच प्रौढांच्या वागण्याला काम सोडण्याचे मुख्य कारण मानतात, आणि नव्या तरुण पंचांपैकी 80 टक्के दोन वर्षांतच शिट्टी खाली ठेवतात. याचा परिणाम तुम्हाला वेळापत्रकात दिसतो. मंगळवारचा सामना बुधवारी गेला, ज्युनिअर व्हर्सिटीचा, म्हणजे दुय्यम संघाचा, रद्दच झाला, तर बहुतेक वेळा कारण पाऊस नसून पंच न मिळणे हे असते. आपल्याच राज्यात डेप्टफर्ड येथील लिटल लीगने 2023 साली नियम केला, की पंचाला शिवीगाळ करणाऱ्या पालकाने आधी तीन सामन्यांत स्वतः पंचगिरी करावी आणि मगच प्रेक्षक म्हणून परत यावे. तो बेसबॉल झाला, पण माझ्या मते हा नियम सॉकरला अधिक शोभेल.

शेवटी एक गंभीर मुद्दा. मुलींच्या शालेय खेळांत डोक्याला मार लागण्याचे प्रमाण सॉकरमध्ये सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. मेंदूला धक्का बसल्याची शंका जरी आली तरी मुलीला बाहेर काढावेच लागते आणि त्या दिवशी ती परत खेळू शकत नाही, असा नियम आहे. अशा वेळी बाहेरून येणारे ‘काही झालेले नाही, उठ, खेळ’ हे ओरडणे मला सर्वांत जास्त खटकते, कारण मुली ते ऐकतात आणि खरोखर उठून उभ्या राहतात. पंचाला काय बोलायचे ते बोला, पण हे नको.

जुनी डावी विंगर

मी इथेच वाढले आणि हायस्कूलची चार वर्षे डाव्या बाजूने खेळले. मैदानवेडी ताई, तुमच्या मुलीने जे सांगितले ते शब्दशः खरे आहे. खेळताना गर्दीचा आवाज एकसारखा समुद्रासारखा येत राहतो आणि त्यातून ओळखीचा आवाज तेवढा वेगळा ऐकू येतो. माझ्या वडिलांचा आवाज मला दोनशे माणसांत कळत असे. प्रशिक्षक सांगत, चेंडू धरून ठेव, मागून सहकारी येईपर्यंत थांब. त्याच क्षणी वडील ओरडत, मार! चेंडू पायात असताना विचार करायला वेळ नसतो, पाय आपोआप घरच्या आवाजाचे ऐकतो, आणि चेंडू गोलवरून कुठेतरी झाडांत जातो. मग प्रशिक्षक मला बाकावर बसवत आणि वडील प्रशिक्षकांना दोष देत.

म्हणून काकांना तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या मुलीने सांगावे, असे सुचवणे सोपे आहे, पण तसे करू नका. त्या मुलीवर तो भार टाकणे योग्य नाही, आणि आपल्या घरांत सोळा वर्षांची मुलगी वडिलांना असे सांगत नाही. एक वेगळा उपाय सुचवते. महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांना पाठवण्यासाठी हल्ली सगळेच पालक सामन्यांचे चित्रीकरण करतात. मी माझी निवडक दृश्यांची चित्रफीत तयार करायला बसले तेव्हा प्रत्येक तुकड्यावर वडिलांचा आवाज होता, आणि त्यातला अर्धा माझ्याविषयी नव्हे तर पंचांविषयी होता. मी ती त्यांच्यासमोर, काही न बोलता, आवाज न घालवता लावली. ते पूर्ण पाहून त्यांनी फक्त विचारले, की हे बाहेर पाठवायच्या आधी काढून टाकता येते ना. पुढच्या सामन्याला ते कोपऱ्याच्या झेंड्याजवळ एकटे उभे राहिले, हात मागे बांधून.

स्टुडंट सेक्शनबद्दल मला जास्त राग आहे. मुलींच्या सामन्यांना वर्षभर आई-वडील, धाकटी भावंडे आणि एखादी शिक्षिका एवढेच प्रेक्षक असतात. अंतिम फेरी आली की मुलांच्या अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या सामन्यांचा सगळा सराव घेऊन ही टोळी येते, ठरवून एका रंगाचे कपडे घालून, आणि खेळ न पाहता एका मुलीला गाठते. मुलांच्या गोलरक्षकाला ‘तुला चेंडू दिसत नाही’ असे चिडवतात. मुलीच्या बाबतीत मात्र विषय ताबडतोब चेहरा, वजन, छायाचित्रे, मित्र याकडे जातो. तिच्या खेळाविषयी कोणी काही बोलतच नाही, हे तुम्ही तुमच्या सामन्यातही पाहिले असेल.

यासाठी तुम्ही ॲथलेटिक डायरेक्टरना आजच ईमेल करा. सर्वसाधारण तक्रार करू नका, काय ओरडले गेले ते शब्द जसेच्या तसे लिहा, आणि मुले गोलच्या मागे गेली हेही लिहा. शिवाय कर्णधार मुलींनाही बोलू द्या. आमच्या वेळी आमची कर्णधार उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या मुलांच्या टेबलावर गेली आणि म्हणाली, की आमच्यासाठी ओरडायचे असेल तर या, त्यांच्याविरुद्ध ओरडायचे असेल तर घरी बसा. सगळ्यांनी ऐकले असे नाही. पण दोन-तीन मुले ऐकतात, आणि बाकीच्यांना सूर धरायला तेवढी दोन-तीनच लागत असतात.

उपनगरी

वरील दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, तरीही मी थोडा वेगळा सूर लावतो. या चर्चेतून प्रेक्षकांनी हात जोडून, तोंड मिटून बसावे असा निष्कर्ष निघू नये. काही क्लब स्पर्धांमध्ये एखादा शनिवार मुद्दाम शांत सामन्यांसाठी ठेवतात, त्या दिवशी पालकांनी टाळ्याही जपून वाजवायच्या असतात. दहा वर्षांच्या मुलांसाठी ती कल्पना चांगली आहे. राज्याच्या अंतिम सामन्यासाठी ती कल्पना नसून शिक्षा ठरेल.

1971-72 साली या देशात शालेय सॉकर खेळणाऱ्या मुलींची नोंद सुमारे 700 होती. 1972 साली शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा टायटल नाइन हा कायदा आला, आणि आज हीच संख्या पावणेचार लाखांच्या आसपास आहे. 1999 च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला रोझ बोल स्टेडियममध्ये 90,185 प्रेक्षक होते. आपल्या शेजारच्या ईस्ट ब्रन्सविक हायस्कूलमधून खेळलेली हेदर ओरायली तीन ऑलिंपिक सुवर्णपदके घेऊन आली, आणि डेलरनची कार्ली लॉइडही याच राज्याच्या शालेय मैदानांवर घडली. एवढे सगळे होऊनही मुलींच्या सामन्यांना रिकामे ब्लीचर्स असतात, ही खरी शोकांतिका आहे. त्यामुळे त्या संध्याकाळी गर्दी आली आणि गर्दीने आवाज केला, याचा मला आधी आनंद होतो. त्या गोलरक्षक मुलीला जो त्रास दिला गेला तो अक्षम्य आहे, परंतु त्यावरील उपाय म्हणून गर्दीच कमी करू नका.

ताटाबद्दलही एक विचारतो. व्यवस्थापकांनी ताट ठेवायला लावले, तसेच समोरच्या बाजूच्या गाईच्या घंटा आणि भोंगेही ठेवायला लावले होते काय? माझा अनुभव असा आहे, की आपल्या लोकांचा आवाज लवकर ऐकू येतो. नियम आहे तो सर्वांना सारखा असावा, आणि तसा नसेल तर तेही ॲथलेटिक डायरेक्टरना लिहिलेच पाहिजे.

मैदानवेडी

उपनगरी, प्रश्न रास्त आहे. समोरच्या बाजूच्या दोन घंटाही त्याच फेरीत काढून घेतल्या होत्या, हे माझ्या आधीच्या लिखाणात यायला हवे होते. ताटाला वेगळा न्याय मिळाला नाही. वहिनींचे म्हणणे एवढेच आहे, की घंटेपेक्षा ताटाचा आवाज चांगला होता.

विंगर, काकांच्या बाबतीत चित्रफितीची युक्ती मला पटते, पण ती मी कशी दाखवणार? मी त्यांची मुलगी नाही.

करवीरकर

मी कोल्हापूरचा, वय वर्षे बहात्तर, सध्या मुलीकडे एडिसनला आलो आहे. नातीचे सामने पाहतो. हा विषय वाचून राहवले नाही.

शाहू स्टेडियमवर मी लहानपणापासून फुटबॉल पाहत आलो. तालमींचे संघ, पेठेपेठेचा अभिमान, भर उन्हात खचाखच भरलेली गॅलरी, झेंडे, हलगी, आणि प्रत्येक पासवर हजारो माणसांचे एकमुखी मत. तिथला प्रेक्षक खेळ जाणतो, हे मी अभिमानाने सांगतो. परंतु त्याच स्टेडियमवर समर्थकांची हुल्लडबाजी, मैदानात पडलेल्या बाटल्या, थांबलेले सामने आणि मध्ये उभे पोलीसही मी पाहिले आहेत. ज्या ज्या वेळी असे झाले, त्या त्या वेळी नुकसान खेळाडूंचे झाले. ज्या पोरांनी वर्षभर पहाटे उठून सराव केला, त्यांचा हंगाम गॅलरीतल्या लोकांनी अडचणीत आणला. म्हणून पंचसाहेबांनी लिहिलेले सामना थांबण्याचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. इथे अजून लोकांना वाटते की सामना थांबत नसतो. थांबतो.

आता काकांविषयी. जो माणूस गणेशोत्सव उभा करतो, त्याला गप्प बसा असे सांगून तो गप्प बसत नाही. त्याला काम द्यावे लागते. मंडळाच्या मिरवणुकीत सर्वांत जास्त दंगा करणाऱ्या पोराच्या हातात आम्ही दोरी देत असू, आणि तोच मग गर्दी मागे सारत असे. तुमच्या गटात चित्रीकरण कोण करते? ते काम काकांकडे द्या. तिपाई उभी करून कॅमेऱ्यामागे ऐंशी मिनिटे उभे राहणे हे कष्टाचे आणि मानाचे काम आहे. माणूस कॅमेऱ्यामागे असला की चेंडूमागे कॅमेरा फिरवण्यात त्याचा निम्मा जीव जातो, आणि उरलेल्या निम्म्याला हे ठाऊक असते की आपण बोललेले सगळे ध्वनिमुद्रित होत आहे. दाखवायची गरज पडत नाही, तो स्वतःच घरी जाऊन ऐकतो.

मात्र एक करा. काम सोपवताना ते तुमच्या यजमानांनी किंवा दुसऱ्या कोणा वडिलांनी सोपवावे, चार लोकांत, मदत मागितल्यासारखे. समज दिल्यासारखे नव्हे. त्यांना व्यवस्थापकांनी रांगेत येऊन समज दिली ती जखम ताजी आहे.

शिट्टीवाला

आजोबा, हे उत्तम आहे. एक तांत्रिक सूचना जोडतो. त्रयस्थ मैदानावर तिपाई कुठे लावता येईल हे आधी विचारून घ्या. युनियन येथील केन विद्यापीठाच्या मैदानावर राज्याचे अंतिम सामने बऱ्याचदा झाले आहेत. अशा ठिकाणी प्रेक्षकांना फक्त गॅलरीत बसू देतात, साइडलाइनवर किंवा गोलमागे कोणालाही सोडत नाहीत. विद्यार्थ्यांचा गोलमागचा प्रश्न तिथे बहुधा जागेमुळेच सुटेल. टोपणनावांचा प्रश्न तेवढ्याने सुटणार नाही, त्यासाठी ईमेल आजच हवा.

आणि विद्यार्थ्यांबरोबर शाळेने एखादा प्रौढ माणूस बसवावा अशी विनंती त्यात जरूर करा. त्यांच्यासमोर, खाली उभा राहणारा नव्हे, त्यांच्यामध्ये बसणारा. ज्या शाळा तसे करतात त्यांचे सामने मला पंच म्हणून लगेच ओळखू येतात.

मैदानवेडी

सर्वांचे आभार. जे झाले ते थोडक्यात कळवते.

ॲथलेटिक डायरेक्टरना ईमेल केला, शब्द जसेच्या तसे लिहिले. लिहिताना लाज वाटली, पण लिहिले. त्यांचे उत्तर त्याच संध्याकाळी आले. टोपणनावे कोणी सुरू केली हे शाळेला आधीच कळले होते, आणि ती तीन मुले उर्वरित स्पर्धेत येणार नाहीत. विद्यार्थ्यांमध्ये दोन शिक्षक बसतील. आमच्या प्रशिक्षिकेने त्या शाळेच्या प्रशिक्षिकेला फोन केला, आणि आमच्या दोन्ही कर्णधार मुलींनी त्या गोलरक्षक मुलीला एक पत्र लिहिले. त्यात काय लिहिले हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही.

काकांचे काम माझ्या यजमानांनी केले. शनिवारी चहाला बोलावले, तिपाई नीट उभी राहत नाही म्हणून तक्रार केली आणि काकांनी ती पाच मिनिटांत दुरुस्त करून ताब्यात घेतली. गेल्या सामन्याची चित्रफीतही, कोन कसा घ्यावा हे समजावे म्हणून, ते घरी घेऊन गेले आहेत. त्यावर त्यांचा स्वतःचा आवाज आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. वहिनी ताट गाडीच्या डिकीत ठेवणार आहेत.

फक्त एक शंका उरली आहे. काका म्हणाले, की आता कॅमेरा माझ्याकडे आहे, तेव्हा ऑफसाइडचा निर्णय चुकला तर मी पुरावा घेऊन पंचांकडे जाईन.

शिट्टीवाला

पुरावा जपून ठेवायला सांगा. शालेय सामन्यात चित्रफीत पाहून निर्णय बदलण्याची सोय आमच्याकडे नाही, त्यामुळे तो घेऊन खाली यायची गरज नाही. सामना संपल्यावर मात्र ती चित्रफीत इथे जरूर टाका, मला ती रेषा वरून कशी दिसते हे पाहायचे आहे.